होला आणि माथ्यावरचा कस्तूर

एका उंच डोंगराच्या पायथ्याशी बोरी-बाभळींचे रान होते. तिथे एक होला एकटाच राहत असे. त्याच्या जोडीदारणीला शिक्र्याने झडप घालून नेले, तेव्हापासून तो दिवसभर गवताचे बी टिपायचा आणि संध्याकाळी बोरीवर गप्प बसायचा. मुलांनो, तो बोलणार तरी कोणाशी?

त्याच डोंगराच्या माथ्यावर, धुक्यातल्या दाट राईत एक कस्तूर पक्षी राहत असे. एका हिवाळ्यात वर असा गारठा पडला की गांडुळे जमिनीत खोल गेली. पोटासाठी कस्तूर खाली आला आणि बोरीजवळच्या ओहोळावर राहू लागला. तो पहाटे शीळ घाली, ती ऐकून होल्याला जाग येई. दोघांची गट्टी जमली.

पुढे उन्हे तापू लागली. कस्तूर म्हणाला, “दादा, आता मला वर जायला हवे.”

“थोडे दिवस थांब की,” होला म्हणाला. “तू गेलास की मी पुन्हा एकटा.”

त्याच्या भिडेखातर कस्तूर थांबला. ओहोळ आटला, माती दगडासारखी झाली. होल्याने निवडून निवडून चांगले बी त्याच्यापुढे ठेवले, पण ते कस्तुराच्या गळ्याखाली उतरेना. त्याची शीळ बंद झाली. एका दुपारी तो फांदीवरून खालीच पडला. होला झटकन त्याच्याजवळ उतरला. मग हळूच म्हणाला, “ऊठ. तुला घरी पोहोचवतो.”

एकेका झाडावर विसावा घेत दोघे चढू लागले. अर्ध्या वाटेवर उंबरावर एक तांबट पक्षी बसला होता. त्याने विचारले, “हा वरचा, तू खालचा. दोघे मिळून कुठे निघालात?”

“ज्याच्या त्याच्या जागी,” होला म्हणाला.

माथ्यावर ओल्या पाचोळ्याखाली गांडुळे होती. काही दिवसांत कस्तूर सावरला. होल्याची पिसे मात्र धुक्याने सदा भिजलेली. टिपायला बी नाही, अंगात कापरे भरलेले.

“दादा, आता इथेच राहा,” कस्तूर म्हणाला. “मी तुला एकटे पडू देणार नाही.”

“राहिलो, तर उद्या तुला मला खाली पोहोचवावे लागेल,” होला म्हणाला.

कस्तूर राईच्या कडेपर्यंत त्याच्याबरोबर आला. त्यापुढे ऊन होते. होला एकटाच उतरत गेला.

त्या संध्याकाळी बोरीवर बसून त्याने पुष्कळ कान दिला. शीळ एवढ्या खाली ऐकू येत नव्हती. पण वर कुणीतरी पोटभर खाऊन निजले असेल, एवढे त्याला ठाऊक होते.

तात्पर्य : आपले एकटेपण घालवण्यासाठी कुणाला त्याच्या जगण्याच्या जागेपासून अडवून ठेवू नये; माया असेल, तर त्याला तिथवर पोहोचवून यावे.