दानाचा ढोल

पूर्वी वेत्रवतीच्या काठी हंसपुरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. नाव सुमुख. त्याच नगरात भद्रसेन नावाचा श्रेष्ठी राहत असे. मनाने तो वाईट नव्हता हो, पण आपण केलेले चार लोकांच्या कानावर गेले नाही, तर त्याला घास गोड लागत नसे.

एका वर्षी नदी तट फोडून नगरात शिरली. खालच्या आळ्या माळवदापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरले तेव्हा घराघरांत गाळ साचला होता आणि कणग्यांतले धान्य कुजून गेले होते. भद्रसेनाने आपली कोठारे उघडली, चौकात चुली पेटवल्या, पेजेच्या हंड्या चढवल्या. खरे सांगायचे तर निम्मे नगर त्याच्याच पेजेवर जगले.

पण हंसपुरात दानाची एक रीत होती. घेणाऱ्याने चौकातल्या चौथऱ्यावर चढून स्वतःचे, वडिलांचे किंवा सासऱ्यांचे आणि आळीचे नाव मोठ्याने सांगायचे. मग दाता त्याच्या हातावर पाणी सोडी आणि ढोल वाजे. सुगीत कोणाला गाय दिली, तर हे सगळे शोभून दिसे. भद्रसेनाने तीच रीत पेजेच्या वाडग्यालाही लावली. लोक येत, खाली बघत नाव सांगत, आणि ढोल वाजे.

कोष्टी आळीतले मात्र कोणी तिकडे फिरकेना.

"मिजास बघा यांची," भद्रसेन सुमुखांना म्हणाला. "घरात चिखल, पोटात अन्न नाही, आणि चौकापर्यंत यायला यांचे पाय जड होतात. मी काय आता दारोदार पाया पडत फिरू?"

"पाया पडू नका," सुमुख म्हणाले. "माझ्याबरोबर नुसते चला. एक हंडी तेवढी घेऊ."

चौकातले वाढप नोकरांवर सोपवून भद्रसेन कुरकुरतच निघाला. आळी चिडीचूप होती. मागांचे खड्डे गाळाने भरले होते. पहिले घर म्हाताऱ्या सोमिलेचे, त्याचे दार आतून लावलेले. सुमुख बाहेरूनच म्हणाले, "आजी, आम्ही दोघे उपाशी आहोत. पेज जवळ आहे, पण बसायला कोरडी जागा नाही. तुमच्या ओसरीवर टेकू का?"

आतून आवाज आला. "बसा, बाबा. मला काही बाहेर येता येत नाही."

"बरे नाही का?" भद्रसेनाने विचारले.

"बरी आहे. सून बाळंतीण आहे. धडके लुगडे घरात एकच उरलेय, ते तिच्या अंगावर आहे. मी गोणपाट गुंडाळून बसलेय."

भद्रसेन चाचरत म्हणाला, "मग चौकात निरोप तरी धाडायचा."

"काय निरोप धाडू? या आळीने सगळे नगर नेसवले, बाबा. सुनेला दूध येईना. पोर कालपासून रडायचेही थांबलेय. सकाळी मी निघाले होते, अशीच, गोणपाटात. दाराशी आले आणि ढोल ऐकू आला. सासऱ्यांचे नाव घेऊन त्या चौथऱ्यावर कशी उभी राहू? माझ्या लाजेपायी पोर जाईल हे कळत होते, तरी मागे फिरले."

भद्रसेनाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याच्या खांद्यावर तलम उपरणे होते, याच आळीत विणलेले. याच ओसरीवर बसून, घासाघीस करून त्याने ते घेतले होते. त्याने ते काढले आणि हंडीवर ठेवले.

सुमुख म्हणाले, "आजी, घरात बाळंतीण उपाशी असताना पाहुण्यांनी खाऊ नये. हंडी उंबऱ्याशी ठेवतो. आधी तिला वाढा." मग दोघे पाठ करून बसले. मागे दार किलकिले झाले आणि पुन्हा लागले.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. भद्रसेन गुडघ्यांत मान घालून बसला होता. चौकातून ढोलाचा आवाज येत होता आणि प्रत्येक वेळी तो कानांवर हात ठेवत होता. अखेर आतून पोराचे रडणे ऐकू आले, अगदी बारीक. तेव्हा तोही रडू लागला. आपल्याला आता कोणी पाहू नये, असे त्याला वाटले. असे त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटत होते.

त्याच दिवशी त्याने ढोल बंद केला. पुढे धान्य आणि वस्त्रे आळीआळीत पोचू लागली. तिथल्या बायाच रांधत आणि तिथल्याच ओसऱ्यांवर पंगती बसत. भद्रसेन स्वतः हंड्या वाही, उंबऱ्याशी ठेवी आणि पाठ फिरवून परत जाई.

मागल्या जन्मीची ही कथा भिक्षूंच्या सभेत सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सोमिला म्हणजे आजची उपासिका पद्मिका. ते पोर म्हणजे भिक्षू रेणुक. सुमुख अमात्य मी होतो."

"आणि भद्रसेन, भंते?" एका भिक्षूने विचारले.

"तो याच सभेत बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही."

सभेतल्या कितीतरी माना खाली गेल्या. शास्त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही. ते शांतपणे म्हणाले, "देताना घेणाऱ्याची अब्रू राखावी. राखायची राहून गेली, तर आपली आपल्याला लाज वाटावी. या लाजेला ह्री म्हणतात. भद्रसेनाचे खरे दान त्या ओसरीवर सुरू झाले."