इनास डाबरेची न वाजलेली गिटार

"...मग यात खोट कुठे आहे, मास्तर?"

अभिरामने हे दुसऱ्यांदा विचारलं.

पास्कोल मास्तर ओटीवरच्या स्टुलावर बसून समोरच्या गिटारकडे बघत होते. 

ही गिटार छातीशी धरून वाजवायची नव्हे. टेबलासारखी चार पायांवर उभी राहणारी, पेडल स्टील. वर दहा तारा, खाली पायाने दाबायची तीन पेडलं. पेडल दाबलं की आतल्या सळया तारा ताणतात आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलके सरकतो. अशी गिटार वाजवणारे आपल्याकडे फार थोडे झाले. दुरुस्त करणारे त्याहून कमी. वसईजवळच्या या गावात राहणारे मास्तर त्यांतले एक. उमेदीची वर्षं त्यांनी रेकॉर्डिंगच्या स्टुडिओंत वाजवण्यात घालवली, आणि हात जड झाल्यावर दुरुस्ती धरली.

अभिराम टिपणीस त्यांचा शिष्य. ठाण्याहून यायचा. जुन्या गिटारी विकत घ्यायच्या, त्यांचं साल ठरवायचं, आणि कदर असलेल्या माणसाला विकायच्या, हा त्याचा व्यवसाय. स्क्रूचं डोकं, कॉइलची तार, जोडावरचा डाख बघून तो साल सांगायचा. अलीकडे तर त्याने लिहून दिलेल्या सालाबद्दल कोणी शंका काढत नसे. हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या चालण्याबोलण्यात थोडं उतरलंही होतं.

"खोट नाही," मास्तर शेवटी म्हणाले. "पण ही अजून झालेलीच नाही."

अभिरामला कळलं नाही.

त्याने सगळं पुन्हा सांगितलं. खालच्या पट्टीवरचा नंबर एकोणसत्तरचा. आवाजाच्या बटणामागचा आकडा त्याच सालचा. आत लाकडावर कुठल्याशा कारागिराने पेन्सिलीने तारीख लिहिलेली, तीही त्याच उन्हाळ्यातली. एकही भाग बदललेला नाही. पेडलांवर बुटाचा ओरखडा नाही. तारासुद्धा कारखान्यातून आल्या तशाच. असं वाद्य त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"सांगाडा एकोणसत्तरचा आहे," मास्तर म्हणाले.

"आणि गिटार?"

मास्तरांनी बॅटरी त्याच्याकडे सरकवली.

अभिराम बॅटरी घेऊन पुन्हा गिटारखाली शिरला. कुणी आतलं काही बदललं असेल का? नंबर नंतर ठोकला असेल का? तसं काहीच दिसेना. मास्तरांची नजर कमी झाली म्हणावं, तर सकाळीच त्यांनी केसाएवढी तार डाखली होती. मग आपल्यालाच दिसत नाही असं काय आहे? सहा वर्षं शिकताना पायाखालची जमीन अशी सरकली नव्हती.

गिटारची मालकीण भिंतीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली होती. इझाबेलबाई डाबरे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. आता त्या भाचीकडे दोन खोल्यांत राहायला जाणार होत्या, तिथे या गिटारला जागा नव्हती. गिटार कुठे जाते ते बघायचं, म्हणून त्या अभिरामच्या गाडीत बसून आल्या होत्या.

गिऱ्हाईक कोचीचं होतं. रविवारी येणार होतं. त्याची अट एकच होती: गिटारला कोणी हात लावलेला नसावा.

मास्तरांनी बाईंना विचारलं, ही कुणी आणली.

बाईंनी सांगितलं ते असं. त्यांचा भाऊ इनास जहाजावर होता. परदेशातल्या एका बंदरात त्याने अशी गिटार वाजताना ऐकली, आणि तीन सफरींची कमाई साठवून नवी कोरी विकत घेतली. घरी आणली, ओटीवर मांडली, पुसली, आणि परत पेटीत ठेवली. आधी नीट शिकतो, मग हात लावतो, म्हणाला. नाहीतर खराब व्हायची.

"मग शिकले?"

"शिकला ना. पण हिच्यावर नाही."

इनासने स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने तीन चौकोन काढले होते. मांडीवर पोळपाट घ्यायचा, त्यावर बोटं फिरवायची, आणि पायांनी ते चौकोन दाबायचे. सुट्टीवर आला की रोज संध्याकाळी. नोकरी सुटल्यावर तर एकही दिवस चुकला नाही. आवाज काहीच नाही. बाई शेजारी भाजी निवडत बसायच्या. त्यांना वाटायचं, इनासचं डोकं जरा फिरलंय. पण माणूस शांत होता, कुणाला त्रास नव्हता, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. येत्या नाताळात पेटी उघडतो, असं तो म्हणाला, आणि त्याच पावसाळ्यात गेला.



अभिरामच्या मनात आलं, म्हणजे खरंच एकदाही वाजलेली नाही. गिऱ्हाइकाला हे कळलं तर तो नाचेल. असं मनात आल्याची त्याला थोडी लाजही वाटली.

मास्तर उठले. तारांवरून बोट फिरवून त्यांनी बाईंना दाखवलं. बोट तांबूस झालं होतं.

"बाई, तारा गंजल्यात. बदलू?"

अभिराम घाईने मध्ये पडला. त्याने बाईंना समजावलं, की या तारा मूळच्या आहेत, त्या काढल्या तर रविवारचं गिऱ्हाईक बहुधा परत जाईल. दुसरं मिळेल, पण इतकी कदर करणारं मिळणार नाही. नुकसान त्यांचंच आहे.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मास्तरांना विचारलं, "बदलल्या तर वाजेल?"

"वाजेल."

"मग बदला."

मास्तरांनी पक्कड घेतली आणि पहिली तार मधोमध तोडली.

अभिरामचा हात आपसूक पुढे झाला आणि तिथेच थांबला. सहा वर्षांपूर्वी त्याने एका जुन्या गिटारचा एकच स्क्रू बदलला होता, तेव्हा याच माणसाने दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. जुन्याला हात लावायचा नाही, हा पहिला धडा यांचाच. मग तो धडा खरा, की ही पक्कड खरी? विचारावं असं त्याला वाटलं. पण काय विचारायचं, तेच नीट जुळेना.

दहाही तारा चढवून सूर लावायला तास गेला. मास्तरांनी कोपऱ्यातला ॲम्प्लिफायर सुरू केला. मग गिटारमागे स्टूल सरकवलं आणि बाईंना म्हणाले, "बसा."

बाई गोंधळल्या. त्यांना यातलं काही येत नव्हतं.

"इनास पाय कसे चालवायचा, ते आठवतं?"

"आठवायचं काय त्यात? त्याच्या शेजारी बसून माझेही पाय हलायला लागले होते."

"तेवढंच करा. वरचं मी बघतो."

बाईंनी चपला काढल्या. अनवाणी पावलं पेडलांवर ठेवली, आणि लगेच उचलली. खडूच्या चौकोनांपेक्षा पेडलं गार होती. पुन्हा ठेवली.

मास्तर त्यांच्या बाजूला उभे राहून वाकले. डाव्या हातात स्टीलची कांडी, उजव्याच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या. मास्तरांनी तार छेडली. मास्तरांनी तार छेडली.

सूर वर चढला आणि तिथेच थरथरत राहिला.

बाईंनी पाय काढला नाही. मग दुसरा पाय. मग दोन्ही. मास्तरांची कांडी पायांच्या मागे मागे चाचपडत होती. पहिल्या फेरीत कशाचा कशाशी मेळ नव्हता. अभिरामला ते ऐकवेना, तो पेडलांवर उमटणाऱ्या घामेजल्या पावलांच्या ठशांकडे बघत राहिला. दुसऱ्या फेरीत एक जागा जुळली. तिसऱ्या फेरीत मास्तरांनी कांडी बरीच खाली आणली, आणि पावलं व बोटं एकत्र चालून तारांतून एक चाल निघाली.

बाई थांबल्या.

"म्हणजे... ते गाणं होतं?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"आईचं आहे," बाई म्हणाल्या. "आमची आई दळताना म्हणायची. इतकी वर्षं तो हेच..."

 त्यांचे पाय पेडलांवरच होते.

अभिराम गिऱ्हाइकासाठी लिहिलेला, गिटारच्या सालाचा कागद हातात घेऊन उभा होता. त्यावर त्याच्या सुबक अक्षरात तीन ओळी लिहिलेल्या होत्या आणि खाली सही. त्यांतलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. तरी तो कागद कुणाला द्यावा असं त्याला वाटेना, आणि फाडावा असंही वाटेना. रविवारी माणूस दारात येईल. तो विचारेल.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

मास्तरांनी कांडी तारांवरून उचलली नव्हती.

"ते नंतर," मास्तर म्हणाले. "आधी बाईंना विचार, पुढचं कडवं येतं का."