माशी नसलेली थरथर

दरीच्या अलीकडे आठ पायांच्या कोळ्यांचं राज्य होतं आणि त्या राज्यात थरथरीला एकच शब्द होता: माशी. तार हलली की "माशी!" म्हणायचं आणि धावायचं. वाऱ्याने हलली तरी धावायचं, रिकाम्या तोंडाने परतायचं आणि वाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची.

राज्याच्या मधोमध थोरलं जाळं होतं. दर हिवाळ्यात तिथे थोड्या जागा निघत. त्या मिळवायला शिकार करावी लागत नसे. आजवर कुणी काढली नाही अशी तार काढावी लागे. वडीलधारे ती छेडून बघत. जुनाच सूर निघाला की तार कापली जाई आणि उमेदवार कडेची भोकं बुजवायला परत जाई.

लूता ही कोळ्याची पोर दरीच्या कडेलाच वाढलेली. तिथे तिला पायाखाली एक बारीकशी थरथर जाणवे, आणि माशी मात्र कुठेच नसे. विचारलं की सगळे हसून म्हणत, "खरखर आहे ती. पाय झटक आणि कामाला लाग."

ऊर्णनाभ गुरुजींचे आठांपैकी दोनच डोळे शाबूत होते; लूताने विचारलं तेव्हा ते मात्र हसले नाहीत. "झटकू नकोस," ते म्हणाले. "ती थरथर नीट जाणवेल इतकी बारीक तार काढ. मी हात टेकले, माझी तार जाड."

लूताने वाऱ्यावर तारा सोडल्या. त्या तुटल्या, तिने पुन्हा सोडल्या. आई कुरकुरायची, "तुझ्या बरोबरीच्यांची जाळी माश्यांनी भरली गं!" अखेर एक तार धुक्यात शिरली आणि पलीकडे कुठेतरी चिकटली.

हिवाळ्यातल्या परीक्षेच्या सकाळी लूताने त्या तारेचं अलीकडचं टोक थोरल्या जाळ्याला आणून बांधलं; दरीत धुकंच धुकं होतं. वडीलधाऱ्यांतल्या थोरल्या आजोबांनी तार छेडली. सूर निघेना.

"मुकी आहे," म्हणत ते कापायला सरसावले. लूता मध्ये आडवी आली. ही तार गेली की ती थरथर पुन्हा खरखरच ठरणार होती.

"आजोबा, कापू नका, छेडूही नका. जरा सगळे स्वस्थ बसा."

थोरल्या जाळ्यात असं कुणी कधी बोललं नव्हतं. गुरुजींनी आधी आपले पाय पोटाशी घेतले, मग नाइलाजाने बाकीच्यांनी.

तार आपोआप थरथरली.

"माशी!" दोघे-तिघे धावले आणि कड्यापाशी जाऊन ओशाळून परतले. लूताने तीच थरथर पायाने तारेवर वाजवली आणि शेवटी एक ठोका पदरचा घातला. थोड्या वेळाने तिची चाल परत आली, त्या ठोक्यासकट, आणि पुढे आणखी एक नवा ठोका.

गुरुजींनी पुढे सरकून एक पाय हळूच तारेवर टेकवला. आजोबांनी सवयीने तोंड उघडलं, "मा..." म्हणाले आणि अडले.

"पोरी," त्यांनी विचारलं, "याला म्हणायचं काय?"

लूता सांगणार, तोच धुकं विरलं. तिची तार दरीवरून उन्हात लखलखत पार गेली होती, आणि पलीकडच्या टोकाशी, पाय पोटाशी घेऊन, कुणीतरी स्वस्थ ऐकत बसलं होतं.