मागचं रीडिंग

"पण अप्पा, सोमवारचं निरूपण मन्मथला का दिलंत?"

अप्पास्वामी मठाच्या पारावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कालचं पोर ते," गुरुपाद म्हणाला. आजवर निरूपणाचा मान त्याचा होता. "मी तुमच्या पायाशी म्हातारा होत आलो. पोथ्या मी जास्त वाचल्या का त्यानं?"

"मला काय ठाऊक?"

"मीटर बघा की! माझ्या खोलीला वेगळं, त्याच्या खोलीला वेगळं. कुणाचा दिवा जास्त जळला, ते मीटरच सांगेल."

काय हा माणूस! ज्ञान मोजायला निघाला, तेही युनिटांत. पण पोटात दुखायला लागलं की माणसाला काहीही सुचतं.

"बरं. वाचून ये," अप्पा म्हणाले.

गुरुपाद ओसरीत गेला आणि छाती पुढं काढून परत आला.

"माझं नऊ हजार चारशे बारा. त्याचं एकशे सत्तर!"

"मागचं वजा केलंस?"

"मागचं कशाला, अप्पा?"

"रीडिंगवाला करतो ना दर महिन्याला? मीटरखाली भिंतीवर खडूनं लिहून गेलाय बघ."

गुरुपाद पुन्हा गेला. या खेपेला त्याला यायला वेळ लागला.

"बोल."

"मन्मथचं मागचं... साठ होतं."

"आणि तुझं?"

गुरुपादनं बोटाला लागलेला खडू धोतराला पुसला.

"गुरुपाद."

"नऊ हजार चारशे बारा."

अप्पांनी एक शेंग फोडली आणि दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"महिनाभर खोलीत दिवाच लावला नाहीस? मग संध्याकाळचा असतोस कुठं?"

गुरुपादचं तोंड उतरलं. कुठं असणार? मन्मथच्या खिडकीबाहेर, भिंतीला चिकटून. तो वाचताना कुठं अडखळतो, कोणता शब्द चुकतो, तिकडे कान लावून. आणि तो पठ्ठ्या एकदाही चुकला नव्हता. तेच तर सोसत नव्हतं.

"अप्पा... मला त्याचं बघवत नाही हो," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

अप्पांनी त्याला रडू दिलं. मग मांडीवरची टरफलं झटकून ते उठले.

"जा, मन्मथला सांगून ये. उद्यापासून खिडकीबाहेर एक दिवा लाव म्हणावं. तिथं रोज कुणीतरी अंधारात उभं असतं."