बिळाची आतली कोठी

"नवी सून आहे, तोंड उघडायची नाही. एकदा बिऱ्हाड आलं की कोठी आपलीच," घूसकाकू बीळ विकायला निघालेल्या म्हाताऱ्या उंदराला सांगत होत्या. नवऱ्याबरोबर बीळ बघायला आलेली ती नवी उंदरीण तेव्हा बिळाच्या तोंडाशीच उभी होती. तिने ते सगळं ऐकलं.

प्राणी बिळं खणायचं सोडून विकत घ्यायला लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. बीळ चांगलं होतं, पण शेजारच्या घूसकाकूंनी आतल्या कोठीची भिंत पोखरून तिथे आपली ज्वारी भरली होती. कोठी गेली तर पिल्लांना जागा उरत नव्हती. उंदरिणीने नवऱ्याला पोखरलेली भिंत दाखवली. तो म्हणाला, "अगं, आधी राहायला येऊ. शेजार आहे, पुढे गोडीने बघू."

बिळाची किंमत म्हणून शेंगांचं गाठोडं म्हाताऱ्याला द्यायच्या दिवशी काकूंनी तिला कौतुकाने बोलावलं, कुंकू लावलं आणि त्याच कोठीतल्या ज्वारीने तिची ओटी भरली.

"आता तू माझी लेक. लेक कधी आईशी जागेवरून भांडते का?"

म्हातारा मान डोलावत गाठोड्याकडे सरकला. नवऱ्यानेही ते पुढे केलं.

उंदरीण काकूंच्या पाया पडली, मग गाठोडं आपल्याकडे ओढून म्हणाली, "आई, लेकीचं घर मोकळं करायला हात लावाल ना? बाबा, तुम्हीही लावा. ज्वारी पलीकडे गेली, भिंत लिंपून झाली, की शेंगा तुमच्या. तोवर बीळ तुमचं आणि भांडणही तुमचंच."