खंजिराची आडवी पट्टी

लोहाराच्या बायकोला हत्यारातलं काय कळतं, असं अजूनही म्हणणाऱ्यांनी हे डोळे उघडून वाचावं.

सरदार सर्जेरावांनी नवा खंजीर भिवा लोहाराच्या दारातच, चारचौघांदेखत आपटला. "मुठीपुढं ही आडवी पट्टी कशाला? शत्रूचा वार आमच्या हातापर्यंत पोचेल, असं वाटलं तुला? हा अपमान आहे! याची ऐरण जप्त करा, याला गावाबाहेर काढा!"

भिवा पाया पडू लागला. त्याची बायको ठकूबाई मात्र पेटली. तिने छिन्नी घालून पट्टी उडवली आणि मुठीला तेल चोपडलं.

"घ्या सरकार! लढाईत घामानं मूठ अशीच बुळबुळीत होते. आता सगळा जोर लावून या खांबात खुपसा. बोटं शाबूत राहिली, तर आम्हीच गाव सोडतो."

सरदारांनी मूठ आवळली, टोक खांबाला टेकवून जरा जोर दिला. हात सुळकन धारेकडे घसरला. ते जागीच थबकले.

"का थांबलात? समोर तर नुसता खांब आहे! अहो, ती पट्टी शत्रूसाठी नव्हतीच. तुमच्याच पात्यापासून तुमची बोटं वाचवायला होती."

"बसव परत," सरदार पुटपुटले.

"बसवते. आधी ह्यांची माफी मागा, चारचौघांदेखतच."

मागितली त्यांनी. स्वतःच्या बोटांपुढं कसली आलीय सरदारकी!