धाकू मेस्ताची उघडी सांध

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे उजव्या काठावर शिरवंडे नावाचे गाव होते. गावाच्या वर उघडा कातळ आणि त्या कातळावर सुरंगीचे एकच झाड. त्या झाडाखाली महाराज येऊन राहिले. ते कोठून आले, कोणाचे कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नाव विचारले की ते नुसते हसत. मग लोकच त्यांना कातळमहाराज म्हणू लागले. ते फार बोलत नसत आणि कातळ सोडून कधी खाली उतरत नसत.

गावात धाकू मेस्त नावाचा सुतार होता. होड्या बांधणे हे त्याच्या घराण्याचे काम. रानात जाऊन तो झाडे पाहून येई. उंडीचे कोणते वाकडे खोड होडीच्या बरगडीला उपयोगी पडेल, हे तो उभ्या झाडावरून ओळखत असे. कागदावर त्याने आयुष्यात एक रेघ ओढली नव्हती. होडी आधी त्याच्या डोळ्यांत तयार होई, मग तो लाकूड तासायचा वाकस हातात घेई. कामाला बसण्याआधी तो कातळाकडे तोंड करून हात जोडी आणि म्हणे, "महाराज, हात तुमचे, लाकूड तुमचा." एवढीच त्याची पूजा.

मागच्या पावसात गावची तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, फुटली होती. पलीकडच्या काठावर शेते, वैद्य आणि देवीचे देऊळ. बायाबापड्यांना चार कोसांचा वळसा पडू लागला. तेव्हा धाकूने आपल्या खोपीत गावासाठी नवी होडी बांधायला घेतली. रुंद पोटाची, बुटकी, दिसायला अगदी साधी.

त्याच काठावर हरबाशेट मयेकरांचा कारखाना होता. हरबाशेट मोठ्या बंदरात राहून काम शिकून आलेले. त्यांच्याकडे नकाशे होते, मोजपट्ट्या होत्या, हाताखाली माणसे होती. त्यांनीही स्वतःसाठी एक मचवा बांधला, उंच, निमुळता, देखणा. धाकूने एकदा तो पाहिला आणि त्याला राहवले नाही. खाडीच्या मुखावर वाळू साचलेली आहे, तिथे लाट आडवी येते, तेव्हा पोट जरा रुंद ठेवा, असे तो भीत भीत बोलून गेला. हरबाशेट चार माणसांत मोठ्याने हसले.

"धाकू, तुझो नकाशो खंय आसा? की तो पण महाराजच काढून देतत?"

माणसे हसली. हरबाशेटांनी आणखी पुढे जाऊन म्हटले, की कातळावर बसलेल्याला पाण्याचे काय कळणार. स्वतःची थट्टा धाकूने मुकाट्याने गिळली होती. हे शेवटचे वाक्य मात्र त्याच्या जिव्हारी लागले. तो मान खाली घालून परत आला. त्या दिवशी त्याच्या हातून एक फळी वाकडी कापली गेली.

कार्तिकातला एक दिवस. हरबाशेटांचा मचवा पहिल्यांदा पाण्यात उतरला. आई, बायको, बहीण आणि घरची बाकीची माणसे, अशी नऊ जणे घेऊन हरबाशेट पलीकडे देवीला नारळ द्यायला निघाले. धाकू आपल्या खोपीत होडीच्या सांधी भरत होता. त्याची बायको रुक्मिण कापसाचे पीळ वळून देई, धाकू ते लाकडी मोगरीने ठोकून फळ्यांच्या फटीत ठासून वर राळ लावी. सगळ्या सांधी भरून झाल्या होत्या. तळाची एकच राहिली होती, हातभर लांब, बोट जाईल एवढी रुंद.

इतक्यात काठावरून बायकांचा आकांत ऐकू आला. मचवा वाळूवर चढला होता. एक आडवी लाट आली आणि तो कुशीवर झोपला. वर राहिलेल्या कडेला माणसे लोंबकळत होती आणि भरतीचे पाणी चढत होते. गावातल्या सगळ्या होड्या गडीमाणसांसकट पहाटेच मासेमारीला समुद्रात गेलेल्या. काठावर एकही होडी नव्हती.

धाकू मोगरी हातात धरून खोपीच्या दारात उभा राहिला, आणि पाहतो तर समोर महाराज. जे कधी कातळ उतरले नाहीत, ते भर दुपारी चालत खोपीत आले होते. त्यांनी होडीकडे एकदा पाहिले.

महाराज म्हणाले, "धाकू, होडी पाण्यात लोट."

"महाराज, तळाची एक सांध भरूची रवली हा."

"ती माझ्याकडे राहू दे."

अपुरी होडी धाकूने जन्मात पाण्यात घातली नव्हती. त्या फटीतून किती पाणी येईल, हे त्याच्याइतके नेमके कोणाला ठाऊक असणार? खाडीच्या मध्यापर्यंत जाता जाता होडी भरणार होती. आणि दुसरे वल्हे धरायला रुक्मिणीशिवाय कोणी नव्हते. त्याने तिच्याकडे पाहिले. पदर कमरेला खोचून ती होडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मग धाकूने मोगरी खाली ठेवली. महाराज लाकडाच्या भुशावर बसले आणि उजवा तळहात त्यांनी जवळच पडलेल्या एका ओंडक्यावर दाबून धरला.

काठावरच्या बायकांनी हात लावला आणि होडी पाण्यात गेली.

धाकू वल्हे मारत होता, पण त्याचे डोळे तळावर होते. सांध उघडी दिसत होती. तिच्या पलीकडे हिरवे पाणी हलताना दिसत होते. पाणी मात्र आत येत नव्हते. खाडीचा मध्य आला, तरी तळ कोरडा. धाकूच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या पुसायला हात मोकळा नव्हता. रुक्मिणीने मागून एवढेच म्हटले, "पुढे बगा."

मुखावर लाटा आडव्या येत होत्या. रुंद पोटाची ती बुटकी होडी प्रत्येक लाटेवर नुसती उचलली जाई आणि पुन्हा खाली बसे. पहिल्या खेपेत म्हातारी आई आणि बायकामाणसे आली. दुसऱ्या खेपेत पुरुष. हरबाशेट सर्वांत शेवटी चढले आणि तळाशी बसले. माणूस होड्या बांधणाराच, म्हणून नजर आपोआप सांधीवर गेली. भरल्या होडीत, लाटांमध्ये, बोटभर रुंद फट उघडी, आणि आत थेंब नाही. त्यांना ते खरे वाटेना. त्यांनी त्या फटीत बोट घातले. आणि चटका बसावा तसे मागे ओढले. धाकूने ते पाहिले. हरबाशेटांनीच पुढे सांगितले, की बोटाला पाणी लागले नाही. लागला तो माणसाचा उबदार तळहात.

होडी काठाला लागली. हरबाशेट आणि त्यांची नऊच्या नऊ माणसे जमिनीवर उभी होती. धाकू खोपीकडे धावला. मागोमाग हरबाशेट.

महाराज तसेच बसलेले होते. तळहात ओंडक्यावर दाबलेला. भोवतीचा भुसा कोरडा ठणठणीत, पण महाराजांचा हात खांद्यापर्यंत भिजला होता आणि कोपरातून खारे पाणी ठिबकत होते. धाकूला पाहून त्यांनी हात हळूच उचलला. तळहातावर बोटभर रुंदीचा एक आडवा लाल वळ होता. त्याच क्षणी काठावरून रुक्मिणीची हाक आली, होडीत पाणी शिरतंय, वर ओढा. बायकांनी मिळून होडी वाळूवर घेतली आणि सगळ्या रुक्मिणीमागून खोपीपाशी आल्या.

हरबाशेट महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, माका पाण्यातला काय एक कळना नाय," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

महाराजांनी त्यांना उठवले. म्हणाले, "मी फक्त हात धरून बसलो होतो, शेट. फट दिसत असताना होडीत पाऊल टाकले ते या दोघांनी. पाया पडायचे तर तिथे पड."

धाकू संकोचून मागे सरकला, नको नको म्हणू लागला. पण हरबाशेट पुढे झाले. ओल्या कपड्यांनिशी, जमलेल्या साऱ्यांसमक्ष, त्यांनी आधी रुक्मिणीला हात जोडले आणि मग त्या नकाशा नसलेल्या सुतारापुढे गुडघे टेकून त्याच्या पायांवर कपाळ ठेवले.